ऑपरेशनआधी उपाशी का ठेवतात, आणि पाण्याचा नियम वेगळा का असतो

वजन कमी करायच्या इंजेक्शनांची सध्या सगळीकडे चर्चा आहे. माउंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये, आणि तेव्हापासून ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर पेशंटला हमखास विचारायला लागलेत की वजनाचं किंवा शुगरचं आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालू आहे का. लोक गोंधळतात. पित्ताशयातले खडे काढायचेत, त्यात वजनाच्या इंजेक्शनचा काय संबंध? संबंध आहे तो जठराशी, म्हणजे खाल्लेलं जठरातून पुढे आतड्यात सरकायला किती वेळ लागतो त्याच्याशी, आणि हा हिशोब एकदा कळला की ऑपरेशनच्या आदल्या रात्रीच्या बऱ्याच सूचनांचा अर्थ आपोआप लागतो.

हे लिहायचं दुसरं एक कारण आहे. आपल्याकडे "रात्री बारानंतर तोंडात काही घालायचं नाही" हे एकच वाक्य सगळ्यांना सांगितलं जातं, सकाळी आठच्या केसला पण आणि दुपारी तीनच्या केसला पण. खाण्याच्या बाबतीत सांगितलेली वेळ अगदी कडक पाळायला हवी. पण पाण्याच्या बाबतीत बहुतेक पेशंटसाठी तो नियम जुना झालाय, आणि त्यामुळे म्हातारी माणसं आणि लहान मुलं विनाकारण तासन् तास तहानलेली राहतात. खाणं आणि पाणी यांची घड्याळं वेगळी आहेत, एवढं घरातल्या एकाला जरी नीट माहीत असलं तरी खूप फरक पडतो.

भूल दिल्यावर घशात काय होतं

जेवताना बोललो की ठसका लागतो. पाणी किंवा भाताचं शीत चुकून श्वासनलिकेकडे गेलं की शरीर जोरात खोकून ते बाहेर फेकतं, आपल्याला काही करावं लागत नाही. झोपेतसुद्धा ही राखण चालू असते. शिवाय अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचा एक कडक पट्टा असतो, तो एरवी घट्ट मिटलेला असतो म्हणून आडवं झाल्यावर पोटातलं वर येत नाही.

पूर्ण भूल दिली की या दोन्ही गोष्टी जातात. ठसका बंद होतो आणि तो पट्टा सैल पडतो. अशा वेळी पोटात काही असेल तर उलटी व्हायचीही गरज नसते, ते आपलं आपण हळूच घशापर्यंत वर येतं, कुणाला आवाजही येत नाही, आणि तिथून फुप्फुसात उतरतं. याला डॉक्टर ॲस्पिरेशन म्हणतात.

त्यात अन्नाचे तुकडे असतील तर श्वासनलिका बंद होऊ शकते. नुसता द्रव असेल तरी त्यात जठरातलं ॲसिड असतं, आणि जठराचं अस्तर ते सहन करू शकत असलं तरी फुप्फुसाची नाजूक आतली त्वचा करू शकत नाही, ती अक्षरशः भाजते. मग ऑक्सिजन कमी व्हायला लागतो, कधी पेशंटला आयसीयूत व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं.

हे रोज होतं असं नाही, उगीच घाबरू नका. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९३ साली एक मोठा हिशोब मांडला होता, २,१५,४८८ वेळा दिलेल्या भुलीत मोठ्या माणसांमधल्या ॲस्पिरेशनच्या ६७ केस सापडल्या. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये साधारण ३,९०० मध्ये एक आणि इमर्जन्सीत साधारण ९०० मध्ये एक. हा फरक बघा. इमर्जन्सीत उपाशी राहायला वेळ मिळालेला नसतो, पेशंट दुखण्याने हैराण असतो, आणि धोका थेट चौपट होतो. ब्रिटनमध्ये २०११ साली एक देशभरची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यातही भुलीच्या वेळी श्वासमार्गात अडचण येऊन जे मृत्यू झाले त्यांचं सगळ्यात मोठं कारण ॲस्पिरेशनच निघालं. म्हणजे क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

हा नियम आला कुठून

२८ जानेवारी १८४८ ला इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्म या त्या काळच्या भुलीच्या औषधाखाली दगावली. क्लोरोफॉर्मने झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू. ती कोसळल्यावर तिला शुद्धीवर आणायला तोंडात पाणी आणि ब्रँडी घातली होती, आणि क्लोरोफॉर्म वापरात आणणारे जेम्स सिम्पसन यांचं म्हणणं होतं की मुलगी क्लोरोफॉर्मने गेली नाही, त्या पाण्याने आणि ब्रँडीने गुदमरून गेली. खरं काय हा वाद अजूनही मिटलेला नाही, पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालणं किती धोक्याचं असतं हा विषय तेव्हापासून आहे.

मला जास्त आश्चर्य वाटतं ते जोसेफ लिस्टर यांचं. ऑपरेशन जंतुविरहित करायला ज्यांनी शिकवलं तेच लिस्टर. त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहून ठेवलंय की क्लोरोफॉर्म देताना पोटात घन अन्न नसावं हे बरं, पण साधारण दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचं पातळ सूप दिलं तर ते चांगलंच. म्हणजे खाणं वेगळं आणि पिणं वेगळं ही समज तेव्हाच्या डॉक्टरांना होती.

मग ती गेली कुठे? १९४६ साली न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी ४४,०१६ बाळंतपणांचा अभ्यास छापला. त्यात ६६ बायकांच्या फुप्फुसात पोटातलं गेलं होतं आणि दोघी दगावल्या, त्या दोघीही घन अन्न अडकून. सशांवर प्रयोग करून त्यांनी हेही दाखवलं की फुप्फुसाची हानी मुख्यतः ॲसिडमुळे होते. त्या काळी बाळंतपणात मास्कने भूल द्यायचे, श्वासनलिकेत ट्यूब टाकून रस्ता सुरक्षित करायची पद्धत तिथे नव्हती. पुढे सगळ्यांनी या अभ्यासाचा धसका घेतला आणि खबरदारी म्हणून अन्न आणि पाणी दोन्ही एकाच फटक्यात बंद झालं, तेही मध्यरात्रीपासून, कारण नर्सला आणि पेशंटला लक्षात ठेवायला सोपं.

पोट रिकामं होतं म्हणजे नेमकं काय होतं

पाट्यावर चटणी वाटताना पाहिलं असेल तर हे लगेच कळेल. पाट्यावर पाणी ओतलं तर ते थांबत नाही, आपोआप उताराकडे वाहून जातं. पण शेंगदाणे आणि खोबरं टाकलं तर वरवंटा फिरवत बसावं लागतं आणि बारीक झाल्याशिवाय ते खाली ओढता येत नाही, आणि तेल सुटलेलं असेल तर अजूनच चिकटून बसतं. जठरात हेच चालतं.

साधं पाणी प्यायलं की त्यातलं निम्मं दहा ते वीस मिनिटांत पुढे गेलेलं असतं. तासाभरात ग्लासभर पाण्यातलं जवळपास सगळंच जातं. घन अन्नाचं तसं नाही. आधी काही वेळ ते नुसतं जठरात पडून भिजत असतं, पुढे काहीच जात नाही. मग जठराचा खालचा भाग ते घुसळायला लागतो, आणि जठराच्या खालच्या तोंडाशी जो दरवाजा आहे तो साधारण एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठे कण सोडत नाही, परत मागे ढकलतो. मग परत घुसळायचं. तूप-तेल जास्त असेल तर आतडं स्वतःच संदेश पाठवतं की जरा दमानं पाठवा, मला पचवायला वेळ लागतोय, आणि जठर मंदावतं. म्हणून रात्री मटण-भाकरी खाल्ली की सकाळपर्यंत जड वाटतं.

जे अजिबात दळलं जात नाही, म्हणजे भाजीचे चिवट धागे, सालं, सुपारीची खांडं, ते मागे राहतं. पोट खाणं संपवून मोकळं झालं की दर दीड-दोन तासांनी एक जोरदार लाट येते आणि हा उरलासुरला गाळ पुढे ढकलते. मध्ये परत काही खाल्लं की ही लाट बंद पडते आणि सगळं पहिल्यापासून. म्हणूनच "फक्त अर्धं बिस्किट खाल्लं हो" हे किरकोळ नसतं.

आणि एक गोष्ट, पोट कधीच पूर्ण कोरडं होत नाही. आपण लाळ गिळत राहतो, जठर स्वतःचा रस सोडत राहतं. बारा तास उपाशी राहिलेल्या माणसाच्या पोटातही थोडा द्रव असतोच.

मग किती तास

जगभर सध्या जे आकडे वापरतात ते असे, आणि भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेची स्वतःची मार्गदर्शक सूचना २०२० साली आली तीही याच धर्तीवर आहे. आरपार दिसणारा पातळ पदार्थ, म्हणजे पाणी, साखरपाणी, गाळलेलं लिंबूपाणी, मलई नसलेलं शहाळ्याचं पाणी, बिनदुधाचा काळा चहा, हे भूल द्यायच्या २ तास आधीपर्यंत. आईचं दूध ४ तास. गाईम्हशीचं दूध, पावडरचं दूध आणि हलकं खाणं ६ तास. तळलेलं, तुपकट, मटण-चिकन असं जड खाणं ८ तास किंवा जास्त.

दूध पातळ असून सहा तासांच्या रांगेत का? कारण जठरातल्या ॲसिडमध्ये ते फाटतं आणि त्याच्या गाठी होतात, आणि मग त्या गाठी जठराला घन अन्नासारख्याच दळाव्या लागतात. आईच्या दुधात गाठी धरणारं प्रथिन कमी असतं, म्हणून ते लवकर पुढे जातं.

चहाचा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. युरोपच्या २०११ च्या सूचनांमध्ये बहुतेक तज्ज्ञांचं मत होतं की चहा-कॉफीत एकूण कपाच्या पाचव्या हिश्शापर्यंत दूध असेल तर तो आरपार पातळ पदार्थांतच धरायला हरकत नाही. हे वाचून कुणी सकाळी आपला चहा घेऊ नका. आपल्या चहात निम्मं दूध असतं, उकळून उकळून दाट केलेलं, वर कधी साय. आपला चहा म्हणजे दूध, सहा तास. आणि त्यात बुडवलेलं बिस्किट तर घन अन्नच. ताक, पेज, नाचणीची आंबील, भाताचं पाणी यांचंही तेच, त्यात कण असतात, आरपार दिसत नाही, ते पाण्याच्या यादीत येत नाही.

उपासाचं खाल्लं तर चालतं का

हे मुद्दाम वेगळं लिहितोय कारण इथे खरोखर गफलत होते. संकष्टी असते, एकादशी असते, नवरात्र चालू असतं, डॉक्टर विचारतात "उपाशी आहात ना?" आणि माणूस अगदी मनापासून हो म्हणतो, कारण त्याच्या हिशोबाने त्याचा उपासच आहे. सकाळी सातला वाटीभर साबुदाण्याची खिचडी झालेली असते.

त्या वाटीत बघा काय असतं. भिजून फुगलेले चिकट साबुदाणे, भरपूर शेंगदाण्याचं कूट, बटाटा, आणि दोन चमचे तूप. जठराच्या दृष्टीने हे जड जेवण आहे, पोहे-उपम्याच्या वरताण. भगर, राजगिऱ्याचा लाडू, रताळ्याचा कीस, केळं, खजूर, सगळं घन अन्न. धार्मिक उपास आणि ऑपरेशनचा उपास यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, म्हणून हॉस्पिटलमध्ये "उपाशी आहात का" याला नुसतं हो म्हणू नका, शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता हे सांगा. आणि उलट, तुमचा निर्जळी उपास असेल किंवा रोजा असेल तर तेही सांगा, कारण मग शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं आणि सलाईन लवकर लावायचा विचार करावा लागतो.

तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी यांना लोक खाण्यात धरतच नाहीत. "नुसती गालात धरलीये" असं सांगतात. भूल देताना तोंडात सुपारीचं खांड असेल तर ते सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतं, पोटापर्यंत जायचीही गरज नाही. त्या दिवशी सकाळपासून पूर्ण बंद.

पाणी तरी का तोडायचं

१९८६ साली कॅनडातल्या कॅलगरीत रॉजर मॉल्टबी यांच्या टीमने ऑपरेशनच्या दोन-तीन तास आधी काही पेशंटना १५० मिली पाणी दिलं आणि काहींना कोरडं ठेवलं, आणि मग पोटातला द्रव मोजला. पाणी प्यायलेल्यांच्या पोटात जास्त काही सापडलं नाही. नंतर असे बरेच अभ्यास झाले आणि २००३ साली कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने ते सगळे एकत्र करून पाहिले, तर दोन तास आधीपर्यंत पातळ घेणाऱ्यांना धोका वाढल्याचा पुरावा मिळाला नाही, उलट ज्यांनी पाणी प्यायलं त्यांच्या पोटात द्रव कमी होता. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ सालीच दोन तासांचा नियम लिहिला.

म्हणजे ही गोष्ट पाव शतकाहून जुनी आहे, आणि तरी आपल्याकडे कित्येक ठिकाणी रात्री बारापासून पाणी बंद. माझ्या आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा हेच झालं. रात्रीपासून कोरडी, नंबर लागला दुपारी उशिरा. आदल्या केसला वेळ लागला, मग मशीनचं काहीतरी, असं पुढे पुढे जात राहिलं. जीभ टाळ्याला चिकटत होती, सकाळचा चहा नाही म्हणून डोकं ठणकत होतं, आणि ती ओल्या कापसाने ओठ पुसत बसली होती. ते बघून मला अजून वाईट वाटतं, कारण त्याची काही गरज नव्हती.

आणि त्रास नुसता तहानेचा नसतो. शरीरातलं पाणी कमी झालं की भूल दिल्यावर बीपी जास्त पडतं, शीर सापडत नाही, नंतर मळमळ जास्त होते, म्हाताऱ्या माणसाला गोंधळल्यासारखं होतं. स्वीडनमध्ये ९० च्या दशकात याच्या पुढचं पाऊल टाकलं, ऑपरेशनच्या दोन तास आधी ४०० मिली गोड पेय द्यायला लागले, त्यामुळे भूक-तहान आणि घालमेल कमी होते आणि ऑपरेशननंतर शरीराला इन्सुलिन वापरायला जी अडचण येते तीही कमी होते. अलीकडे स्कॉटलंडमधून सुरू होऊन ब्रिटनमधल्या बऱ्याच हॉस्पिटलांत पेशंटला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, बोलावेपर्यंत घोट घोट पाणी देतात. आपल्याकडे तेवढं लगेच होईल असं नाही आणि स्वतःच्या मनाने ते करायचंही नाही. पण दोन तासांचा नियम मागायला काहीच हरकत नाही.

मग हॉस्पिटलवाले पाणी का बंद ठेवतात, त्यांना माहीत नाही का? बहुतेकांना माहीत असतं. अडचण त्या दिवशीच्या ऑपरेशनांच्या लिस्टची असते. पहिली केस रद्द झाली तर दुसरी आत घ्यावी लागते, आणि तिने नुकतंच पाणी प्यायलेलं असेल तर ओटी मोकळी राहते. शिवाय "पाणी चालेल" म्हटलं की कुणीतरी चहा देतंच, कुणीतरी प्रेमाने दोन घास भरवतंच, ही भीतीही खोटी नाही. सगळ्यांना एकच कडक नियम सांगणं सोपं पडतं. मी ते समजू शकतो, पण किंमत पेशंट मोजतो.

लहान मुलांचं

लहान मुलांच्या शरीरात साठा कमी, साखर पटकन उतरते, आणि रडून रडून ती अजून कोरडी होतात. म्हणून २०१८ साली ब्रिटन, फ्रान्स आणि युरोपच्या बाल-भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून सांगितलं की मुलांना आरपार पातळ एक तास आधीपर्यंत द्या. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी दोन तासच धरतात, तेही ठीक आहे, पण आठ-दहा तास तान्ह्या बाळाला कोरडं ठेवणं ठीक नाही. बाळ अंगावर पीत असेल तर शेवटचं पाजायची वेळ नेमकी विचारून घ्या, पहाटे गजर लावून उठवून पाजा.

घरातल्या मोठ्यांनाही समजावून ठेवा. आजीला नातवाचं रडणं बघवत नाही आणि ती लपवून चमचाभर दूध देते. तसं झालं तर ओरडू नका, डॉक्टरांना सांगा. ऑपरेशन थोडं पुढे जाईल, बास.

कमरेखालची भूल असेल तर कशाला उपाशी

स्पाइनलमध्ये माणूस जागा असतो, ठसका शाबूत असतो, मग कशाला? कारण स्पाइनल कधी नीट चढत नाही, कधी ऑपरेशन लांबतं, कधी बीपी पडून उलटी होते, आणि मग आयत्या वेळी पूर्ण भूल द्यावी लागते. तेव्हा पोट रिकामं करायला वेळ नसतो. गुंगीचं इंजेक्शन दिलं तरी ठसका मंदावतो. नुसते थेंब टाकून केलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा दाताला सुन्न करायचं इंजेक्शन यात बहुतेक वेळा उपाशी राहावं लागत नाही, उलट शुगरच्या पेशंटने खाऊन जायचं असतं, पण ते ज्याने त्याने विचारून घ्यावं.

इमर्जन्सीत मग कसं करतात

अपघात झाला, आतडं फुटलं, बाळाचे ठोके कमी झाले, तर सहा तास थांबत नाहीत. तेव्हा पोट भरलेलंच आहे असं धरून चालतात. आधी भरपूर ऑक्सिजन देतात, मग औषधं झटपट देऊन लगेच श्वासनलिकेत फुगा असलेली ट्यूब टाकतात, म्हणजे वरून काही आलं तरी आत जात नाही. १९६१ साली ब्रायन सेलिक यांनी गळ्यावर बोटांनी दाब देऊन अन्ननलिका बंद ठेवायची युक्ती सांगितली, ती काही ठिकाणी अजून वापरतात. सिझेरियनला शक्यतो स्पाइनल देतात आणि ॲसिड कमी करायचं औषध आधी पाजतात. पण हे सगळं करूनही धोका उरतोच, म्हणून ठरवून करायच्या ऑपरेशनमध्ये "इमर्जन्सीत करताच ना, मग आत्ताही करा" हा आग्रह धरू नये. नाकातून नळी टाकून पोटातलं काढून घ्या असंही काही जण म्हणतात. त्या नळीतून पाणी येतं, पोळीचे तुकडे येत नाहीत.

ज्यांचं पोट हळू चालतं

वरचे सगळे तास चांगल्या चालणाऱ्या पोटासाठी आहेत. बरीच वर्षं डायबेटिस असेल तर जठराच्या नसा कमजोर होतात आणि रात्रीचं जेवण सकाळीही पोटात असू शकतं. थोडंसं खाल्लं तरी पोट भरतं, संध्याकाळी दुपारच्या भाजीचे ढेकर येतात, अशी लक्षणं असतील तर सांगा. हाड मोडलं की दुखण्याने आणि भीतीने पोट जागच्या जागी थांबतं. मूल दुपारी जेवून झाडावरून पडलं, तर रात्री दहाला हिशोबाने आठ तास झालेले असतात, पण जेवण तिथेच असू शकतं, म्हणून जेवल्यानंतर किती वेळाने पडलं हे डॉक्टर विचारतात. मॉर्फिन, ट्रामाडॉलसारखी दुखण्याची औषधंही पोट मंदावतात, आणि प्रसूतीच्या कळा पण.

आता ती इंजेक्शनं. सेमाग्लुटाइड, म्हणजे ओझेम्पिक, वेगोवी आणि गोळीतलं रिबेलसस, आणि माउंजारोतलं टिर्झेपटाइड, यांनी भूक कमी होते त्याचं एक कारण जठर हळू रिकामं होतं हेच आहे. अशा काही पेशंटच्या पोटात नियमाप्रमाणे उपाशी राहूनही अन्न सापडलं. जून २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी सांगितलं की आठवड्याचं इंजेक्शन ऑपरेशनच्या एक आठवडा आधी थांबवा. पण सेमाग्लुटाइड अर्धं उतरायलाच साधारण आठवडा लागतो, आणि डायबेटिसवाल्याचं औषध बंद केलं तर शुगर वाढते. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक संघटनांनी मिळून सूचना बदलल्या, सरसकट थांबवू नका, माणूस बघून ठरवा. ज्यांचा डोस नुकताच वाढवलाय, डोस मोठा आहे, किंवा मळमळ, पोट फुगणं, बद्धकोष्ठता आहे, त्यांना जास्त धोका. अशांना आदल्या दिवशी २४ तास फक्त पातळ आहारावर ठेवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांच्या माहितीपत्रकात ॲस्पिरेशनचा इशाराही टाकायला लावला.

शंका असेल तर सोनोग्राफी करता येते. पेशंटला उजव्या कुशीवर वळवून जठराचा खालचा भाग बघतात, पाच मिनिटांचं काम. पोट रिकामं आहे, थोडं पाणी आहे की अन्न आहे हे दिसतं. सगळीकडे ही सोय नाही, पण मोठ्या शहरांत हळूहळू वाढतेय.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे, वजनाचं इंजेक्शन घेतोय हे लोक घरात पण सांगत नाहीत. नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर सांगायचं नसेल तर भूलतज्ज्ञांना बाजूला घेऊन सांगा, पण सांगा.

रोजच्या गोळ्या

बीपीच्या बऱ्याच गोळ्या, थायरॉइडची, फिटची, दम्याचा पंप हे सकाळी घोटभर पाण्याबरोबर सहसा चालू ठेवतात, पण बीपीच्या काही गोळ्या त्या दिवशी वगळतात म्हणून नाव दाखवून विचारा. शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिनचं स्वतः ठरवायचं नाही. त्यात डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची औषधं ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करावी लागतात, कारण उपाशी राहिल्यावर त्यांच्यामुळे रक्तात ॲसिड वाढू शकतं आणि गंमत म्हणजे शुगर मीटरवर आकडा साधाच दिसतो. ही औषधं आता स्वस्त झालीत आणि घरोघरी आहेत, म्हणून पाकीट घेऊनच तपासणीला जा. रक्त पातळ करायच्या गोळीचंही वेगळं वेळापत्रक असतं.

आदल्या दिवशी काय विचारायचं

"शेवटचं खाणं किती वाजता आणि शेवटचं पाणी किती वाजता" असे दोन वेगळे प्रश्न विचारा आणि दोन्ही वेळा कागदावर लिहून घ्या. माझा नंबर कितवा आहे ते विचारा, आणि उशीर झाला तर परत पाणी घेता येईल का तेही. नर्स सहसा "एनबीएम ठेवलंय" म्हणतात, म्हणजे तोंडाने काही नाही, तेव्हा न चिडता विचारा की पाण्याला पण का, भूलतज्ज्ञांना एकदा फोन करता का. उत्तर "तुम्हाला पाणीही नको" असं आलं तर ते ऐका, त्याला कारण असू शकतं, आतड्याला अडथळा असेल, पोट हळू चालत असेल. लपून काही प्यायचं नाही. आणि चुकून खाल्लं-प्यायलं तर अगदी ओटीच्या दारात आठवलं तरी तिथे सांगा.

ऑपरेशननंतर कधी खायचं

इथेही जुनी पद्धत अशी की वायू सरल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. आता पोटाच्या बऱ्याच ऑपरेशननंतरही पूर्ण शुद्ध आल्यावर काही तासांत घोट घोट पाणी सुरू करतात, मळमळ नसेल तर हळूहळू पेज, मऊ भात. सिझेरियननंतरही लवकर खायला दिलं तर बाईला बरं वाटतं आणि आतडी लवकर चालू होतात. आतडं जोडलं असेल तर सर्जन वेगळं सांगतील. फक्त दुर्बिणीने पोटाची तपासणी झाली असेल आणि घशाला सुन्न करायचा फवारा मारला असेल तर तो बधिरपणा पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, कारण तोपर्यंत ठसका नीट येत नाही. मग आधी बसून एक लहान घोट पाणी, ते नीट उतरलं की चहा.